लग्नाच्या नोटिशीचे तीस दिवस कुठे गेले?

प्रति,
मराठी चित्रपटांचे लेखक, दिग्दर्शक, कला दिग्दर्शक आणि निर्माते यांस

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र ठाण्यातल्या प्रेक्षकांचं आहे. प्रेमकथा, ऐतिहासिक आणि सामाजिक असे तिन्ही प्रकारचे मराठी चित्रपट आम्ही तिकीट काढून बघतो, तेव्हा थोडं तोंड वाजवायचा हक्क आहे असं समजतो. खेळांच्या वेळा, तिकिटाचे दर, मोठा हिंदी चित्रपट आला की मराठीच्या वाट्याला येणारा सकाळचा शो, याबाबत तुमचं-आमचं एकमत आहे आणि त्यावर भरपूर लिहूनही झालंय. हे पत्र पडद्यावर जे दिसतं त्याबद्दल आहे. तक्रार एकच: गोष्ट घडते कशी, नेमकं तेवढंच तुम्ही गाळता. सुरुवात दाखवता, शेवट दाखवता, आणि ज्या खटाटोपातून माणूस तिथवर पोचतो तो एका गाण्यात उरकता. नाट्य त्या खटाटोपातच असतं.

प्रेमकथेपासून सुरू करू, कारण तिला खर्च कमी आणि तरी चुका जास्त. मुलगा एका धर्माचा, मुलगी दुसऱ्या. घरून विरोध. दोघं पळतात, आणि पुढच्याच दृश्यात सरकारी टेबल, दोन हार, दोन मित्र, सह्या, पेढे. असं होत नाही, हो. असं लग्न विशेष विवाह कायदा, १९५४ खाली होतं आणि तो कायदा कोणाला घाई करू देत नाही. दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत असावा लागतो. मग ठरावीक नमुन्यात नोटीस द्यायची. विवाह अधिकारी ती आपल्या नोटीसवहीत नोंदवतो, आणि ही वही कोणालाही फुकट चाळता येते. नोटिशीची प्रत कार्यालयात ठळक जागी लावली जाते. कोणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर एक प्रत तिकडच्या अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फळ्यावरही लागते. म्हणजे मुलगी घोडबंदर रोडला राहते, घर साताऱ्याकडचं, तर तिचं नाव साताऱ्यातही टांगलं जातं. त्यानंतर ३० दिवस हरकतीसाठी. हरकत आली तर तिची चौकशी, तिला आणखी ३० दिवसांपर्यंतची मुदत. हे सगळं पार पडलं तर तीन साक्षीदार (दोन नव्हेत, तीन) आणि सह्या. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून.

हरकतीची कारणंही कायद्यानं बांधलेली आहेत: वय, आधीचं हयात लग्न, संमती देण्याची मानसिक क्षमता, निषिद्ध नातं. जात, धर्म, काकांची नाराजी ही कारणं त्यात नाहीत. पण नाराज काकांना हरकत घ्यायचीच नसते, त्यांना फळ्यावर फक्त नाव वाचायचं असतं.

आता सांगा, यापेक्षा चांगली पटकथा कुठे मिळणार? महिनाभर मुलगी रोज घरी जेवते, आईबरोबर मेथी निवडते, आत्याच्या मुलाच्या साखरपुड्याला नवी साडी नेसून जाते, आणि तिचं नाव सरकारी कार्यालयाच्या भिंतीवर लटकतंय. त्या कार्यालयात रोज भाडेकराराच्या नाहीतर फ्लॅटच्या नोंदणीला येणारा कोणीही ओळखीचा निघू शकतो. या ३० दिवसांत मुलाला नोकरी बदलावी लागते का, तिसरा साक्षीदार ऐनवेळी कच खातो का, नोटीस मागे घ्यावी असं दोघांपैकी एकाला वाटतं का? तुम्ही हे तीस दिवस कापून टाकता आणि त्या जागी खलनायकाची जीप आणता.

दोघंही हिंदू असतील तर मार्ग वेगळा: आधी विधी, मग नोंदणी. हरकत नाही, तो दाखवा. पण मग नोंदणीच्या अर्जावर लग्न लावणाऱ्या गुरुजींची सहीही लागते, आणि पळून आलेल्या जोडप्याच्या कागदावर सही करायला कोणते गुरुजी तयार होतात, हा प्रश्न एक अख्खं दृश्य देऊन जातो.

जागेचंही तसंच. ठाण्यात, नवी मुंबईत प्रेम करायला जागा नाही, हे इथल्या प्रेमाचं पहिलं वास्तव आहे. वन बीएचकेत चार माणसं, फोनवर बोलायचं तर जिना किंवा गच्ची, आणि गच्चीला सोसायटीचं कुलूप. तलावपाळीवर बसावं तर मासुंदा तलावाला संध्याकाळची फेरी मारणाऱ्यांत एक तरी नातेवाईक निघतोच. तुमची नायिका मात्र चारचौघींसारखी नोकरी करते आणि खाडीकडे तोंड असलेल्या बाल्कनीत एकटी राहते. पटकथेच्या पहिल्या पानावर तिचा पगार आणि घरभाडं लिहून टाका. दोन आकडे समोरासमोर आले की निम्मी खोटी दृश्यं आपोआप गळतील.

आणि लोकल. ट्रान्स हार्बरवर ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीत तुमची जोडी खिडकीशी गप्पा मारत बसलेली असते. बसायला जागा मिळाली हाच चमत्कार, पण ते सोडा. मुलगी लेडीज डब्यात असते, मुलगा जनरलमध्ये. एकाच गाडीत, मध्ये चार डबे. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही स्टेशनं दोघं वेगवेगळी मोजतात आणि भेट होते ती पुलावर, तीसुद्धा मागून येणाऱ्यांचे धक्के खात. प्रेमिकांना एकत्र दाखवण्यापेक्षा असं तोडून दाखवलं तर पडद्यावर किती तरी जास्त प्रेम दिसतं.

नियमांनी बांधलेलं प्रेम किती उत्कट होऊ शकतं याचा ताजा दाखला रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’मध्ये आहे. मुंबईत राहणारा तरुण वडिलांच्या सुतकाचे दहा दिवस काढायला गावी जातो आणि तिथे लहानपणीच्या मित्राशी त्याचं नातं जुळत जातं. वेळ दहाच दिवसांचा, वर सुतकाचे निर्बंध, सतत नातेवाइकांचा गराडा. या चौकटीमुळेच दोन पुरुषांमधल्या प्रेमाला भाषण द्यावं लागत नाही. २०२५ साली सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक त्याला मिळालं, म्हणजे सुतक म्हणजे काय हे न कळणाऱ्या परक्यांनाही त्यातली ओढ कळली.

आता ऐतिहासिक. इथे जरा थांबायला हवं, कारण पैसा इथेच सगळ्यात जास्त जळतो.

तोड्याची, म्हणजे पेटत्या दोरीनं डागायची बंदूक घ्या. तुमच्या चित्रपटात मावळा नेम धरतो, उडवतो, दोन सेकंदांनी पुन्हा उडवतो. ठासणीच्या बंदुकीत आधी नळीत मोजकी दारू, मग गोळी आणि चिंधी, मग गजानं ठासणं, मग नळीच्या बाजूच्या लहान वाटीत बारीक दारू, वाटीवर झाकण. दोरीचा तोडा सतत पेटता ठेवावा लागतो, आणि डागण्याआधी त्यावर फुंकर घालून निखारा फुलवावा लागतो. सराईत हातालाही एका बारामागे अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ जातो. या अर्ध्या मिनिटात समोरचा भालाईत किती अंतर कापतो, यावर सबंध चकमक उभी करता येते. शिवाय रात्री पेटता तोडा लांबून दिसतो, आणि त्याचा वासही येतो. दबा धरून बसलेल्या तुकडीत एकानं तोडा ओंजळीत लपवला आणि हात भाजला तरी हलला नाही, हे दृश्य फुकटात मिळतं. त्याऐवजी तुम्ही संथ गतीतल्या उड्या देता.

पाऊस पडला की हे सगळं बंद. दारू ओली, तोडा विझलेला. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेली ती रात्र ऐन पावसाळ्यातली आहे, म्हणून तिथे तलवार, भाला आणि दगड हेच खरं. पडद्यावर मात्र कोसळत्या धारांत शंभर मशाली ढणढणत असतात. मशाल कोरड्या रात्रीसुद्धा आपोआप जळत नाही. मशालजीच्या एका हातात दिवटी आणि दुसऱ्या हातात तेलाची बुधली असते, थोड्या थोड्या वेळानं चिंध्यांवर तेल ओतावं लागतं. रात्रीच्या कूचात तेल किती न्यायचं, ते वाहायचं कोणी, संपलं तर काय, हे प्रश्न सरदाराला पडत असणार. दिग्दर्शकालाही पडले पाहिजेत.

तोफेचा गोळाही तसाच. त्या काळातले बहुतेक गोळे भरीव, लोखंडी किंवा दगडी. ते पडून फुटत नाहीत, आदळतात, उसळी मारून पुढे जातात, भिंत खिळखिळी करतात. फुटणारे गोळे होते, पण ते वेगळे आणि कमी. तुमच्या प्रत्येक गोळ्याचा पेट्रोल टाकल्यासारखा नारिंगी भडका होतो. हा भडका संगणकावर करायला पैसे पडतात. भरीव गोळ्यानं बुरुजाचा चिरा निखळला, चुन्याची धूळ उडाली, एवढंच दाखवायला त्याहून कमी पडतील आणि बसणारा धक्का जास्त.

चिऱ्यांवरून आठवलं: तुमच्या चित्रपटात १६७४ सालचा रायगड आजच्याइतकाच पडका आणि शेवाळलेला का असतो? तेव्हा तो नवा होता! घडीव दगडाच्या कडा धारदार, सांध्यांत ताजा चुना, लाकडावर तेलाचा हात. आज उभ्या असलेल्या तटावर चित्रीकरण करून त्यावर भगवे झेंडे लावले की इतिहास होत नाही, सहलीचं चित्रण होतं.

झाडांकडे तर कोणी बघतच नाही. सतराव्या शतकातल्या घोडदौडीमागे गाजर गवताची पांढरी फुलं डुलत असतात. हे तण भारतात नोंदलं गेलं ते १९५० च्या दशकात, पुण्यात. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, गुलमोहर आणि बोगनवेल त्याच शतकातले, निलगिरी आणि सुबाभळीच्या रांगा त्याहून अलीकडच्या लागवडीच्या. उपाय कठीण नाही. स्थळपाहणीला छायाचित्रणकाराबरोबर वनस्पती ओळखणारा एक माणूस न्या, त्याला प्रत्येक कोनातून चौकट दाखवा आणि चौकटीत काय नको ते लिहून घ्या. गाजर गवत कोयत्यानं कापू नका, पुन्हा फुटतं. माती ओली असताना, फुलं यायच्या आधी मुळासकट उपटा, आणि उपटणाऱ्यांना हातमोजे आणि तोंडाला फडकं द्या, कारण त्यानं कातडीला खाज येते आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. संरक्षित किल्ला असेल तर उपटण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारा. मोठी झाडं उपटता येत नाहीत, तेव्हा कॅमेरा चार पावलं डावीकडे न्या. याला पैसे लागत नाहीत.

कापडाचं सांगायचं तर झगझगीत जांभळा आणि राणी रंग मुळातून विसरा. रासायनिक रंगांची सुरुवातच १८५६ ची. त्याआधी नीळ, मंजिष्ठा, आल (एका झाडाच्या मुळांचा लाल रंग), हळद, कुसुंबा (करडईच्या फुलांचा रंग). कुसुंब्याचा गुलाबी सुरेख येतो, पण उन्हात आणि धुण्यात उडतो. म्हणजे एखाद्या बाईच्या लुगड्याचा उडालेला गुलाबी तिचं लग्न होऊन किती वर्षं झाली ते संवादाशिवाय सांगतो. ड्रेपरीवाल्याकडून आलेलं कोरं लुगडं कांजी न काढता नेसवलं की ते अंगापासून फटकून उभं राहतं. निदान तीनदा धुऊन उन्हात वाळवा, काष्टा दिवसभर वापरलेला दिसेल असा चुरगळू द्या. प्रत्येक मुख्य पात्राचे एकाच कापडाचे दोन जोड शिवून घ्या, एक मळका आणि एक त्याहून मळका. चित्रीकरण उलटसुलट क्रमानं होतं म्हणून नायक लढाईआधी धुळीनं माखलेला आणि लढाईनंतर इस्त्रीचा दिसतो, त्यामागे बहुधा हेच कारण असतं: जोड एकच.

संवादांबद्दल आम्हाला खरोखर राग आहे. शिवकाळातली पत्रं काढून बघा. फारसी-अरबी शब्दांनी गच्च भरलेली आहेत. इतकी, की महाराजांना त्या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला. फौज, मुलूख, शिबंदी, खलबत, जासूद, हवालदार, सरनोबत, दप्तर, ही त्या माणसांच्या तोंडची रोजची भाषा. तुमचे मावळे मात्र शाळेच्या स्नेहसंमेलनातलं संस्कृतप्रचुर मराठी बोलतात आणि दर तिसऱ्या वाक्याला घोषणा देतात. घोषणा आली की थिएटरात शिट्ट्या पडतात, हे आम्ही ऐकतो. पण त्या शिट्ट्या घोषणेला असतात, दृश्याला नव्हे. दुसऱ्यांदा बघायला येणारा माणूस घोषणेसाठी येत नाही.

पत्रसुद्धा पडद्यावर देवनागरीत, छापील वळणाचं असतं. ते मोडीत असतं, बोरूनं लिहिलेलं, लेखणी न उचलता ओढलेलं. ते सगळ्यांना वाचता येत नसे, कारकून वाचून दाखवी. म्हणजे गुप्त बातमी सरदाराच्या आधी कारकुनाला कळते! ही एक गोष्ट धरली तरी अर्धा चित्रपट लिहून होईल. पानिपतची बातमी नानासाहेबांपर्यंत पोचली ती सावकारी पत्रातून, सांकेतिक भाषेत, लढाई होऊन गेल्यावर काही दिवसांनी. त्या मधल्या दिवसांत माणसं उत्तरेकडे कुमक घेऊन निघालीच होती. आम्हाला लढाईपेक्षा ते मधले दिवस बघायचे आहेत.

अलीकडच्या काळावरचे चित्रपट सोपे वाटतात, पण तिथेही ठेच लागते. १९४० च्या गोष्टीत दुकानदार पन्नास पैसे सुटे मागतो. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे होते. १९७० साली लिहिलेल्या पाकिटावर सहा आकडी पिनकोड असतो, आणि पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. आणीबाणीतल्या ठाण्यात मागून एमएच ०४ ची गाडी जाते. एमएच ही मालिका १९८९ नंतरची. दुकानाची पाटी संगणकाच्या टंकात छापलेली, तीही कापडी बॅनरवर. रंगाऱ्याच्या हातच्या पाटीत अक्षरं शेवटी शेवटी जागा संपल्यानं दाटतात, तो दाटलेला ‘भांडार’ खरा. एक साधा नियम करा: गोष्ट ‘त्या काळात’ ठेवू नका, एका तारखेवर ठेवा. तारीख ठरली की कला विभागाला काय नको ते आपोआप कळतं.

या जिल्ह्यात तारखांना तोटा नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन पहिली गाडी आली. ते पाहुणे आम्हाला नकोत. रुळाला जमीन गेलेला, खाडीवर होडी चालवून पोट भरणारा, गाडीकडे पाठ फिरवून उभा राहिलेला माणूस हवा. १७३७ ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाण्याचा कोट घेतला. खाडीतून कुठेही माणसं उतरवायची तर भरती साधावी लागते, ओहोटीला खाजणात गुडघ्यापर्यंत चिखल. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. ठरलेल्या रात्री निघायला उशीर झाला तर पाणी थांबत नाही. हे गणित कळणारी माणसं कोळीवाड्यांत आजही आहेत, त्यांना सल्लागार म्हणून मानधन द्या. तोच कोट आता मध्यवर्ती कारागृह आहे, आणि १९ एप्रिल १९१० ला क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना तिथेच फाशी दिली गेली.

आणि शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी. जन्म १८६५, अमेरिकेत डॉक्टर १८८६, मृत्यू १८८७. ‘आनंदी गोपाळ’ हा २०१९ चा चित्रपट आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो प्रेम, इतिहास आणि समाज अशी तीन खाती त्यात वेगळी काढता येत नाहीत म्हणून. बायकोला शिकवण्याचा गोपाळरावांचा हट्ट हे प्रेम की जुलूम, हा प्रश्न त्या लग्नातच आहे. बायकोनं पायांत बूट घालून नवऱ्याबरोबर रस्त्यावर चालणं हाच तेव्हा गावाला गुन्हा वाटे. तेवढ्या चालण्यात सगळं येतं. समाजसुधारणेवरचं भाषण मग कोणाला हवंय?

तिथून सामाजिक चित्रपटाकडे. इथला रोग म्हणजे शेवटच्या वीस मिनिटांतलं न्यायालय. न्यायाधीश हातोडा आपटतात (आपल्या न्यायालयात हातोडा नसतो), वकील कठड्याभोवती फिरून कविता म्हणतो, आरोपी रडून कबुली देतो. खऱ्या खटल्यात काय होतं? साक्षीदार समन्स घेऊन सकाळी येतो, दिवसाची मजुरी बुडवून बाकावर बसतो, दुपारी कळतं की वकील दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख. पुढच्या तारखेला तपास अधिकाऱ्याची बदली झालेली. तिसऱ्या वेळी साक्ष सुरू होते. उलटतपासणीत साक्षीदार पाच वाक्यांत काळीज उघडतो, आणि न्यायाधीश टंकलेखकाला त्याचं एक वाक्य करून सांगतात. नोंदीत ते एक वाक्य उतरतं. बाकीचं हवेत. फितूर साक्षीदार फक्त धमकीनं नव्हे, अशा तारखांनीही तयार होतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’नं हे टंकलेखन, या तारखा २०१४ मध्ये दाखवल्या, आणि त्यातल्या न्यायालयात सहसा कोणी आवाजही चढवत नाही. तो बघूनही तुम्ही हातोडा आणता म्हणजे कमाल आहे.

अटकेनंतर २४ तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. हे एक घड्याळ लेखकाला आयतं मिळालेलं आहे. ते वापरलेला मराठी चित्रपट आम्हाला चटकन आठवत नाही.

विषयांचं म्हणाल तर खाडीपलीकडे बघा. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी गेली. भातशेती, मिठागरं, मासेमारी. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. हुतात्मे दाखवणारा चित्रपट कोणीतरी करेलच, त्यात ढोल वाजतील. आम्हाला त्यापुढचं हवं आहे. साडेबारापैकी पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी कापले जातात, हातात पावणेनऊ टक्के. ते मिळवायला वारस दाखला लागतो. वारसांत बहिणी येतात. बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या कराव्यात म्हणून भाऊ पहिल्यांदाच तिच्या सासरी मिठाई घेऊन जातो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सगळ्यांचे फोटो आणि अंगठे घेतात, आणि त्या फोटोत कोणी कोणाकडे बघत नाही. सही केली तर माहेर टिकतं, नाही केली तर भाऊबीज बंद. तिकडे गावठाणालगत गरजेपोटी बांधलेली घरं, वर तीन मजले भाड्यानं दिलेले, आणि नियमित होणार की पडणार हा प्रश्न डोक्यावर. यात खलनायक कोण? बिल्डर म्हणाल तर चित्रपट सोपा होईल आणि खोटा होईल.

यातल्या पात्रांच्या तोंडी आगरी असू द्या, पण विनोदासाठी नव्हे. आगरी माणूस दुःखातही आगरीच बोलतो. भाषा सांगणारा माणूस संवादलेखनाच्या वेळी बसवा. डबिंगच्या आदल्या दिवशी बोलावलात तर तो फक्त हेल सुधारू शकतो, वाक्य नाही.

शेवटचा मुद्दा तांत्रिक आहे, पण तिन्ही प्रकारांना लागू. संवाद ऐकू येत नाहीत. त्याचं कारण असं: ध्वनिमिश्रण करताना स्टुडिओत आवाजाची पातळी ७ या ठरलेल्या खुणेवर असते. चित्रपटगृहात जाहिराती आणि ट्रेलर कर्कश वाटतात, लोक तक्रार करतात, म्हणून प्रोजेक्शनवाला ती ५ वर किंवा त्याहून खाली आणून ठेवतो आणि तिथेच राहू देतो. ७ वरून ५ म्हणजे साडेसहा डेसिबलच्या आसपास घट. तुमचं पार्श्वसंगीत डाव्या, उजव्या, मागच्या सगळ्या स्पीकरांतून भरून येत असतं आणि संवाद बिचारे एकट्या मधल्या स्पीकरमधून. पातळी उतरली की आधी तेच बुडतात. त्यात नायिका हळू आवाजात बोलणारी, म्हणजे प्रेमकथेचा कबुलीचा क्षण गेला. व्ही. शांताराम यांनी १९३७ मध्ये ‘कुंकू’ पार्श्वसंगीताशिवाय केला. घड्याळाचे टोले, घरातले आवाज, एवढ्यावर. त्याचा विषय होता जरठकुमारी विवाह, अस्सल सामाजिक. तुम्ही सगळं संगीत काढा असं आमचं म्हणणं नाही. अंतिम मिश्रणाच्या आधी एक रीळ साध्या चित्रपटगृहात पातळी साडेचारवर ठेवून, एसी चालू ठेवून, मागून तिसऱ्या रांगेत बसून ऐका. जे वाक्य ऐकू येणार नाही तिथलं संगीत उतरवा. वाक्याचा आवाज चढवून उपयोग नाही, तो चढवला की पुढचा प्रसंग बोंबलतो.

ठाण्यात असा खेळ ठेवणार असाल तर कामाच्या दिवशी सकाळचा ठेवा, पडदा स्वस्तात मिळेल. मोडी वाचणारे, खाडीची भरती सांगणारे आणि नोंदणी कार्यालयात रोज जाणारे वकील या शहरात आहेत. पटकथेचा पहिला खर्डा झाला की त्यांना वाचायला द्या, चित्रीकरणाच्या तारखा ठरल्यावर नको.

कळावे, लोभ असावा.

आपले,
ठाण्यातले काही प्रेक्षक